र्‍योगोकू येथील सुमो संग्रहालय : परंपरेचे जतन आणि परंपरेची घडण

प्रस्तावना :

टोकियो शहरातील सुमिदा नदीच्या पूर्व तीरावर र्‍योगोकू नावाचा भाग आहे. सुमो या जपानी मल्लविद्येचे हे जुने केंद्र होय. येथील 'कोकुगिकान' या भव्य क्रीडागृहात दरवर्षी जानेवारी, मे व सप्टेंबर या तीन महिन्यांत प्रत्येकी पंधरा दिवसांच्या स्पर्धा भरतात आणि सुमारे ११ हजार प्रेक्षकांची तेथे सोय होते. याच इमारतीच्या तळमजल्यावर, प्रवेशद्वारालगत एका दालनात सुमो संग्रहालय आहे. आकाराने ते लहान आहे. प्रवेशासाठी शुल्क नाही. मात्र स्पर्धेच्या काळात स्पर्धेचे तिकीट असणाऱ्यांनाच ते पाहता येते. येथे कायमस्वरूपी मांडणी नसून, संग्रहातील निवडक वस्तू विषयवार मांडून वर्षातून अनेकदा प्रदर्शन बदलले जाते.

संग्रहालय हे गतकाळाच्या अवशेषांचे जतन करणारे ठिकाण असते, असा सर्वसाधारण समज आहे. सुमो संग्रहालयाची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. ज्या खेळाचा इतिहास येथे जपला जातो तो खेळ त्याच छताखाली आजही जिवंत आहे, आणि खेळाचे नियमन करणारा जपान सुमो संघच या संग्रहालयाचे संचालन करतो. म्हणजेच परंपरेचा वारसदार आणि परंपरेचा इतिहासलेखक या दोन्ही भूमिका एकाच संस्थेकडे आल्या आहेत. या संस्थेने आपल्या अनेक निर्णयांचे समर्थन 'प्राचीन परंपरा' या एकाच आधारावर केलेले आहे. तेव्हा तिच्याच संग्रहातील वस्तू या परंपरेविषयी काय सांगतात, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सुमो संग्रहालयाच्या स्थापनेची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) संग्रहातील प्रमुख वस्तुप्रकारांच्या आधारे सुमोच्या इतिहासातील बदलांचे टप्पे निश्चित करणे.
३) 'प्राचीन परंपरा' या संकल्पनेची ऐतिहासिक चिकित्सा करणे.

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक अभ्यासपद्धतीचा अवलंब केला आहे.

संग्रहालयाची स्थापना :

सुमो संग्रहालयाचा पाया एका व्यक्तीच्या छंदातून घातला गेला. साकाई तादामासा (१८९३-१९७१) हे हिमेजी संस्थानाच्या माजी अधिपतींच्या घराण्यातील सरदार होते. काही काळ त्यांनी जपानचे कृषिमंत्री म्हणूनही काम पाहिले. सुमोविषयक चित्रे, पत्रके व वस्तू त्यांनी दीर्घकाळ जमविल्या आणि पुढे सुमोचा बृहद् इतिहासही लिहिला. १९५० मध्ये सर्वोच्च पदाच्या शिफारशीसाठी नेमलेल्या सल्लागार समितीचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये सुमिदा नदीच्या पश्चिमेस कुरामाए येथे नवे कोकुगिकान पूर्ण झाले, तेव्हा साकाई यांचा संग्रह मूलाधार मानून संग्रहालय सुरू करण्यात आले. त्याचे पहिले संचालकही तेच होते. जानेवारी १९८५ मध्ये सध्याचे र्‍योगोकू कोकुगिकान उघडले आणि संग्रहालय तेथे स्थलांतरित झाले.

१९५४ हे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. र्‍योगोकूच्या जुन्या कोकुगिकानाने त्यापूर्वीच्या अर्धशतकात अनेक आघात सोसले होते. १९०९ मध्ये उभारलेली ही वास्तू १९१७ मध्ये जळाली. ती पुन्हा बांधण्यात आली, पण १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत तिची पुन्हा हानी झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ती ताब्यात घेतली आणि तेथे कागदी फुग्यांच्या साहाय्याने सोडावयाच्या बाँबच्या निर्मितीचे काम चालविले. मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात तिला आग लागली आणि युद्धानंतर ती दोस्त राष्ट्रांच्या सैन्याच्या ताब्यात गेली. अशा विध्वंसाच्या काळात कागदी पत्रके व चित्रे टिकणे सोपे नव्हते. संग्रहालयाची स्थापना ही युद्धोत्तर सावरण्याच्या प्रक्रियेचा भाग होती, असे म्हणावयास हरकत नाही.

बान्झुके : एका पत्रकातील समाजव्यवस्था

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या संग्रहातील सर्वांत मोलाचे साधन म्हणजे 'बान्झुके' ही मल्लांची क्रमवार यादी होय. प्रत्येक स्पर्धेपूर्वी ती प्रसिद्ध होते. पत्रकाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग असतात. श्रेष्ठ मल्लांची नावे वरच्या ओळीत ठसठशीत अक्षरांत येतात. पद जसजसे खाली जाते तसतशी अक्षरे बारीक होत जातात आणि तळाशी ती केसाइतकी सूक्ष्म होतात. ही नावे आजही कुस्तीचे पंच (ग्योजी) विशिष्ट वळणाच्या अक्षरांत हाताने लिहितात. त्यावरून छपाई होते. एदो शहरात एकाच उभ्या कागदावर छापलेल्या बान्झुकेची प्रथा १७५७ पासूनची आहे आणि तिचा मूळ साचा त्यानंतर फारसा बदललेला नाही.

या पत्रकाच्या मध्यभागी 'परवानगी प्राप्त' अशा अर्थाची अक्षरे मोठ्या आकारात असतात. एका शब्दप्रयोगात एका कालखंडाचे राजकारण सामावलेले आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास तोकुगावा शासनाने रस्त्यावरील सुमोवर निर्बंध घातले होते. या झुंजींत भांडणे होत व बेकार सामुराई सामील होत, असा शासनाचा अनुभव होता. पुढे मंदिरांच्या बांधकामासाठी वा दुरुस्तीसाठी निधी गोळा करण्याच्या निमित्ताने सुमोचे खेळ करण्यास परवानगी मिळू लागली. १६८४ मध्ये एदोतील तोमिओका हाचिमान देवस्थानात अशी परवानगी देण्यात आली. कालांतराने धर्मकार्य हे निमित्तापुरते उरले आणि खेळ हाच मल्लांचा व आयोजकांचा उपजीविकेचा व्यवसाय झाला. १६५७ च्या भीषण आगीतील मृतांच्या स्मरणार्थ र्‍योगोकूत उभारलेल्या एको-इन मंदिराच्या आवारात १८३३ पासून वर्षातून दोनदा नियमित खेळ होऊ लागले. र्‍योगोकू आणि सुमो यांचे नाते त्यातून दृढ झाले.

म्हणजेच देवस्थानाशी असलेला सुमोचा संबंध खरा आहे. परंतु एदोकाळातील त्याचे स्वरूप केवळ कर्मकांडाचे नव्हते. शासनाची परवानगी, मंदिराचे आवार, तिकीट काढून येणारा शहरी प्रेक्षक आणि मल्लांना पोसणारे संस्थानिक अशा चार आधारांवर हा व्यवसाय उभा होता. बान्झुकेवर मल्लाच्या नावासोबत छापलेले प्रदेशाचे वा आश्रयदात्या संस्थानाचे नाव या व्यवस्थेची साक्ष देते.

निशिकी-ए : चित्रांतील लोकप्रियता

संग्रहातील दुसरा महत्त्वाचा वस्तुप्रकार म्हणजे लाकडी ठशांवरून छापलेली रंगीत चित्रे, अर्थात निशिकी-ए. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कात्सुकावा शुन्शो व त्याचे शिष्य यांनी नाटकातील नटांप्रमाणेच सुमोतील मल्लांचीही चित्रे काढली. ही चित्रे स्वस्त असत आणि सर्वसामान्य नागरिक ती विकत घेत असे. मल्ल हा नटाइतकाच शहराचा लाडका होता, हे त्यांवरून दिसते. मल्लांच्या भरजरी समारंभवस्त्रांवरील (केशो-मावाशी) चिन्हे, केशरचना, पंचाचा पोशाख, आखाड्यावरील छप्पर इत्यादी तपशील चित्रकारांनी बारकाईने टिपले. आजच्या दृश्याशी या चित्रांची तुलना करता येते, आणि या तुलनेतच संग्रहालयाचे खरे सामर्थ्य आहे.

जुन्या चित्रांत 'दोह्यो' या मातीच्या ओट्यावरील छप्पर चार खांबांवर उभे दिसते. आज तेथे खांब नाहीत. प्रेक्षकांना झुंज नीट दिसावी म्हणून सप्टेंबर १९५२ मध्ये खांब काढून छप्पर वरून टांगण्यात आले आणि त्यांच्या जागी चार दिशांच्या रंगांचे गोंडे लावले गेले. पुढील वर्षी दूरदर्शनवरील प्रक्षेपण सुरू झाले. शिंतो मंदिराच्या धाटणीचे सध्याचे छप्पर १९३१ मध्ये स्वीकारण्यात आले. त्याच वर्षी आखाड्याच्या वर्तुळाचा व्यास १३ शाकूंवरून १५ शाकू, म्हणजे सुमारे ४.५५ मीटर, करण्यात आला. पंच आज मध्ययुगीन दरबारी वळणाचा पोशाख व टोपी घालतात. हा पोशाख १९१० मध्ये सुरू झाला. त्यापूर्वी ते एदोकाळातील सामुराईंच्या औपचारिक वेषात असत. प्रेक्षकाला जे सर्वाधिक प्राचीन वाटते, त्यातील बरेचसे विसाव्या शतकातील आहे, हा निष्कर्ष या चित्रांपुढे टाळता येत नाही.

योकोझुनांची मालिका :

संग्रहालयाच्या भिंतीवर आतापर्यंतच्या योकोझुनांच्या प्रतिमा ओळीने लावलेल्या आहेत. योकोझुना हे सुमोमधील सर्वोच्च पद आहे. २०२५ मध्ये या यादीतील ७५ वा योकोझुना झाला. भेट देणाऱ्यास ही मालिका एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीसारखी भासते. तथापि तिची ऐतिहासिक तपासणी केल्यास वेगळे चित्र समोर येते.

'योकोझुना' या शब्दाचा मूळ अर्थ कमरेला बांधावयाचा जाड पांढरा दोर असा आहे. १७८९ मध्ये कुमामोतो संस्थानाच्या आश्रयाने असलेल्या योशिदा घराण्याने तानिकाझे व ओनोगावा या दोन मल्लांना असा दोर बांधून प्रेक्षकांपुढे विधी करण्याचा परवाना दिला. दोन वर्षांनी, १७९१ मध्ये, शोगुन तोकुगावा इएनारी याच्यासमोर एदोच्या किल्ल्यात सुमो झाले. त्या काळी योकोझुना ही पदवी नव्हती, तो एक सन्मान होता. क्रमवारीतील सर्वोच्च पद ओझेकी हेच होते. बान्झुकेवर 'योकोझुना' हा शब्द प्रथम १८९० मध्ये छापला गेला आणि पद म्हणून त्याला नियमांत मान्यता १९०९ मध्ये मिळाली. यादीतील क्रमांकही समकालीन नाहीत. बारावा योकोझुना जिन्माकू क्युगोरो याने निवृत्तीनंतर पूर्वसूरींची नावे संकलित केली आणि १९०० मध्ये तोमिओका हाचिमान देवस्थानात त्यांची शिळा उभारली. यादीच्या आरंभीचे तिघे आख्यायिकांच्या धूसर प्रदेशातील आहेत; त्यांना असा परवाना मिळाल्याचा विश्वसनीय पुरावा नाही.

या मालिकेत जो नाही, तोही तितकाच बोलका आहे. १७९० ते १८११ या काळात खेळलेल्या रायदेन तामेएमोन याच्या नावावर २५४ विजय व अवघे १० पराभव आहेत. तरीही तो ओझेकीच राहिला. त्याला योकोझुना का केले नाही, या प्रश्नावर अनेक तर्क मांडले गेले आहेत. वास्तविक हा प्रश्न आजच्या चौकटीतून विचारलेला आहे. रायदेनच्या काळी 'योकोझुनापदी बढती' अशी काही गोष्टच नव्हती. संकलकालाही ही उणीव जाणवली असावी. म्हणूनच शिळेवर रायदेनचे नाव 'अतुलनीय मल्ल' म्हणून स्वतंत्रपणे कोरलेले आहे.

ली थॉम्पसन या अभ्यासकाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात योकोझुनापद आणि वैयक्तिक विजेतेपद या दोन्ही गोष्टी आधुनिक काळात घडल्याचे दाखवून दिले आहे. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये मांडलेली 'निर्मित परंपरे'ची संकल्पना त्यामागे आहे. १९०९ मध्ये एका वृत्तपत्राने सर्वोत्तम कामगिरी करणाऱ्या मल्लाचे मोठे चित्र क्रीडागृहात लावण्याची प्रथा सुरू केली. युवराजांच्या देणगीतून १९२५ मध्ये चषक तयार झाला आणि त्यानंतर वैयक्तिक विजेतेपद अधिकृत झाले. नोंदी, आकडे आणि विक्रम यांची आवड असलेल्या आधुनिक वाचकवर्गाची ही निर्मिती होती.

'राष्ट्रीय कला' ही ओळख :

सुमोला जपानची 'राष्ट्रीय कला' म्हणण्याचा प्रघात आज सर्वत्र आहे. ही ओळखही संकटातून घडली. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर पाश्चात्त्य आचारांचे अनुकरण सुरू झाले. १८७१ मध्ये संस्थाने खालसा झाली आणि मल्लांचे आश्रयदाते गेले. त्याच वर्षी शेंडी कापण्याविषयीचा आदेश निघाला. अर्धनग्न मल्लांचा खेळ रानटी असून तो बंद करावा, अशी मागणी सुशिक्षित वर्गातून होऊ लागली. मल्लांना शेंडी ठेवण्याची मुभा मिळाली, परंतु आपली उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी १८७६ मध्ये टोकियोतील मल्लांना अग्निशामक पथक स्थापन करावे लागले. १८८४ मध्ये सम्राट मेइजी यांनी सुमो पाहिले, तेव्हा या खेळाची गेलेली प्रतिष्ठा परत येऊ लागली.

१९०९ मध्ये वास्तुविशारद तात्सुनो किंगो यांच्या आराखड्यानुसार एको-इनच्या आवारात सुमारे १३ हजार प्रेक्षकांचे घुमटाकार सभागृह उभे राहिले. तोपर्यंत खेळ उघड्यावर होत आणि पाऊस आला की बंद पडत. उद्घाटनाच्या निमित्ताने साहित्यिक एमी सुइइन यांनी लिहिलेल्या मजकुरात सुमो ही राष्ट्राची कला असल्याचा उल्लेख होता. त्यावरून वास्तूला 'कोकुगिकान', म्हणजे राष्ट्रीय कलेचे सभागृह, असे नाव पडले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. सुमो ही राष्ट्रीय कला म्हणून आधीच सर्वमान्य होती व म्हणून वास्तूला ते नाव दिले गेले, असे घडले नाही. वास्तूच्या नावानेच ही कल्पना लोकमानसात रुजविली.

मराठी वाचकास या ठिकाणी कोल्हापूरच्या खासबाग मैदानाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले हे मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही वास्तू जवळजवळ समकालीन आहेत. फरक इतकाच, की कोल्हापुरात कुस्तीमागे राजाश्रय उभा होता, तर टोकियोत राजाश्रय गमावलेल्या व्यावसायिकांनी शहरी प्रेक्षक आणि राष्ट्रभावना यांचा आधार शोधला.

परंपरेचा दाखला आणि वर्तमान :

वरील विवेचनास आजच्या वादांचा संदर्भ आहे. दोह्यो पवित्र असल्याने स्त्रियांनी त्यावर पाऊल ठेवू नये, असा सुमो संघाचा नियम आहे. २००० मध्ये ओसाका प्रांताच्या राज्यपाल ओता फुसाए यांना विजेत्यास आखाड्यात जाऊन पारितोषिक देण्याची परवानगी नाकारण्यात आली. एप्रिल २०१८ मध्ये माइझुरू येथे भाषण करताना शहराचे महापौर आखाड्यातच कोसळले. त्यांच्यावर प्रथमोपचार करण्यासाठी धावलेल्या स्त्रियांना खाली उतरण्याची सूचना ध्वनिवर्धकावरून देण्यात आली. संघाच्या अध्यक्षांनी या प्रसंगाबद्दल क्षमा मागितली, तथापि मूळ नियम कायम राहिला.

या संदर्भात प्राचीन साधने काय सांगतात? इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या ग्रंथात नोमी नो सुकुने व ताइमा नो केहाया यांच्या द्वंद्वाची प्रसिद्ध कथा आहे. परंतु 'सुमो' हा शब्द त्या ग्रंथात ज्या ठिकाणी प्रथम येतो, तेथे सम्राट युर्‍याकूच्या दरबारातील स्त्रियांची झुंज वर्णिलेली आहे. एदोकाळात स्त्रियांच्या सुमोचे खेळही होत असत. दुसरीकडे, एदोतील व्यावसायिक सुमो पाहण्यासही स्त्रियांना सर्वसाधारणपणे मज्जाव होता. हा निर्बंध १८७२ पासून शिथिल होत गेला. म्हणजे 'प्राचीन परंपरे'तील एक नियम काळानुसार मोडला, तर दुसरा टिकला. कोणता नियम मोडावा आणि कोणता राखावा, हा निर्णय प्रत्येक वेळी माणसांनीच घेतला. परंपरेने तो आपोआप दिलेला नाही.

मल्लांच्या जन्मभूमीबाबतही हेच दिसते. १९९३ मध्ये हवाईचा आकेबोनो हा पहिला परदेशी योकोझुना झाला. १९९८ नंतर २०१७ पर्यंत जपानमध्ये जन्मलेल्या एकाही मल्लाला हे पद मिळाले नाही; मंगोलियाच्या मल्लांनी या काळात सुमोवर वर्चस्व गाजविले. ३२ विजेतेपदे मिळविणारा ताइहो हा २००५ ते २००८ या काळात याच संग्रहालयाचा संचालक होता. त्याचे वडील युक्रेनियन होते. 'राष्ट्रीय कले'च्या दालनातील प्रतिमांची ओळ आज अनेक राष्ट्रांची आहे.

या जमेच्या बाजूबरोबर एक मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. संगनमताने झुंजी ठरविल्याचे उघड झाल्यामुळे मार्च २०११ ची स्पर्धा रद्द करावी लागली. नियमित स्पर्धा रद्द होण्याचा प्रसंग १९४६ नंतर प्रथमच आला होता. असे प्रसंगही सुमोच्या इतिहासाचाच भाग आहेत. जी संस्था स्वतःच्या प्रतिष्ठेची रक्षक आहे, तिने स्वतःचाच इतिहास मांडताना गौरवाच्या वस्तूंकडे झुकण्याचा धोका संभवतो. तेव्हा अशा संग्रहाचे वाचन बाहेरच्या अभ्यासकांनीही करावे लागते.

समारोप :

सुमोची परंपरा कृत्रिम आहे, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे अन्यायाचे ठरेल. १७५७ पासून त्याच साच्यात निघणारे पत्रक, मातीचा आखाडा, गुरुगृही राहून शिकणारे मल्ल हे सातत्य खरे आहे. परंतु ते न बदलण्यातून आलेले नाही. मंदिराचा निधी, संस्थानिकांचा आश्रय, सम्राटांची उपस्थिती, वृत्तपत्रांची पारितोषिके आणि दूरदर्शन यांपैकी ज्या काळात जो आधार मिळाला, त्यानुसार सुमोने आपले रूप पालटले आणि प्रत्येक नव्या रूपास जुन्या नावाने संबोधले. बदलण्याची ही क्षमता हेच त्याच्या दीर्घायुष्याचे कारण होय.

र्‍योगोकूच्या लहानशा दालनातील कागद व चित्रे नेमके हेच सांगतात. आपल्या परंपरेस कधीही बदल ठाऊक नव्हता असे म्हणणाऱ्यास उत्तर देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या आखाड्यात स्त्रियांना आजही प्रवेश नाही, त्याच आखाड्याच्या छताखाली, तळमजल्यावर, त्याचे पुरावे जतन केलेले आहेत. संग्रहालयाचे कार्य केवळ जुन्याचा अभिमान जागविणे एवढेच नसून, जुने कधी नवे होते याची तारीखवार नोंद ठेवणे हेही असते. सुमो संग्रहालयाने ही नोंद ठेवली आहे. तिचा उपयोग वर्तमानातील निर्णयांसाठी करावयाचा किंवा नाही, हे आता तिच्या वारसदारांनी ठरवावयाचे आहे.